त्यागाची पेटी

केडगाव स्टेशनापासून चार किलोमीटरवर एक बंद पडलेली पोल्ट्री शेड आहे. कोंबड्या गेल्या आणि तिथे विजयानाथ महाराज आले. दर सोमवारी पाच-सातशे माणसं त्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसू लागली. कोंबड्या निदान कोंडलं म्हणून कलकलाट तरी करायच्या.

गेल्या वर्षापर्यंत हे महाराज तळहातावर नारळ उभा करून बोअरचं पाणी दाखवत हिंडायचे. आता ते गांज्याच्या पानांची विभूती देत होते.

"महादेवाची बुटी हाय! अमेरिकेचे सायंटिस्ट हिच्यापुढं हात जोडत्यात! बीपी, शुगर, फिट, एका चिमटीत पळालंच म्हणून समजा! फकस्त दवाखान्याच्या गोळ्यांचा त्याग करा. इख आन् अमृत एका पोटात नांदत न्हाई!"

लोक पाकिटं फोडून गोळ्या 'त्यागाच्या पेटी'त ओतायचे आणि जीभ बाहेर काढून विभूती घ्यायचे. मी इथला शाळामास्तर. पुढच्या रांगेत पदवीधर बसलेले पाहून माझं डोकंच फिरलं.

माझ्या वर्गातल्या मोनालीला फिट यायच्या. तिच्या आईनं, ललितानं, तिच्या गोळ्या पेटीत टाकल्या. पंधरा दिवस पोर ठणठणीत. महाराजांचा जयजयकार झाला. तिसऱ्या आठवड्यात ती चुलीपुढे फिट येऊन पडली आणि हात कोपरापर्यंत भाजला.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. निर्लज्ज माणूस!

मोनालीची आत्या, आमच्याच भीमनगरात वाढलेली डॉक्टर करुणा, धावत पुण्याहून आली. गांज्यातला कुठला घटक मेंदूत जाऊन काय करतो, यावर या बाईनं वीस वर्षं संशोधन केलेलं. गाव तिला 'गांजावाली' म्हणून हसायचं.

"ताई, तुमचंच औषध हाय की हे," ललिता रडत म्हणाली. "तुम्हीच कसं नको म्हणता?"

"वहिनी, आधी तिच्या गोळ्या सुरू कर. मग बघू."

विभूतीची पुडी करुणानं प्रयोगशाळेत तपासली. पुढच्या सोमवारी ललितानं तिच्या सांगण्यावरून पांढऱ्या गोळ्यांचा एक डबा पेटीत ओतला. त्याच्या पुढच्या सोमवारी, विभूती वाटून झाल्यावर करुणा उभी राहिली.

"सगळ्यांनी शेजाऱ्याची जीभ बघा."

कस्तुराबाईंनी नवऱ्याची, म्हणजे सोसायटीचे चेअरमन मारुतराव यांची, जीभ पाहिली आणि त्या किंचाळल्या. शेडभर जिभा निळ्याशार!

महाराज मुरलेले. "नीळकंठ! साक्षात नीळकंठ परगटला!" आणि आमचे शहाणे लगेच हात जोडून उभे राहिले. याला भोळेपणा म्हणतात. मी मूर्खपणा म्हणतो.

करुणानं मारुतरावांच्या हातावर एक पांढरी गोळी ठेवली. "आप्पा, ही फोडून पाण्यात टाका."

पेल्यातलं पाणी निळं झालं.

"आत मिठाईचा रंग आहे. अशा गोळ्या वहिनीनं मागच्या सोमवारी पेटीत टाकल्या. तिथून त्या तुमच्या जिभेवर कशा आल्या?"

तिनं महाराजांकडे बोट दाखवलं.

"तुम्ही टाकलेल्या गोळ्याच हा कुटून राखेत मिसळतो. बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या, सगळ्यांची भेळ. चिमटीत फिटचं औषध आलं तोवर मोनाली बरी होती. नाही आलं, तेव्हा भाजली."

"आन् गांजा?" मागून कुणीतरी विचारलं.

"एक कण सापडला नाही. त्यातल्या एका घटकानं काही मुलांच्या फिट खरंच कमी होतात. पण शुद्ध करून, मोजून दिला तर. एवढं समजून घेण्यात माझी उमर गेली. ह्या भामट्यानं तुम्हाला गांजासुद्धा खरा दिला नाही."

मारुतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्या कस्तुराच्या पोटात म्हैनाभर दुसऱ्याच्या शुगरच्या गोळ्या? तरीच ती चक्कर यून पडती व्हय!"

"महाराज, तुमची जीभ दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी तोंड घट्ट मिटलं. मग मला शिव्या द्यायला उघडलं, तेव्हा सगळ्यांनाच दिसली. लालबुंद होती.

लोकहो, चालू गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि कुणी जिभेवर काही ठेवू लागला, तर आधी त्याला त्याची जीभ दाखवायला सांगा.

त्या दिवशी ललितानं महाराजांकडे पाहिलंसुद्धा नाही. मोनालीचा भाजलेला हात जपत तिनं गर्दीतून वाट काढली, पेटीपाशी थांबली आणि ती लाथेनं उलटी केली.