वाढवायलोत

मनीषानं आधी वडिलांचा एक पाय ऑटोतून खाली घेतला, मग दुसरा. ते उभे राहिल्यावर त्यांच्या सदऱ्याचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं. पंडितरावांनी मान तुकवली.

"उपकार झाले, बाई."

वर्ष होत आलं, पोटची मुलगी त्यांच्या लेखी 'बाई' झाली होती. सुरुवातीला मनीषा रडायची. पण रडायलाही अंगात त्राण लागतं, आणि बँकेतली नोकरी, घर नि वडील एवढं उरकून ते उरत नसे. घरात दोघंच, त्यामुळं रडून दाखवायचं तरी कुणाला?

वसमत रस्त्याला कॉलनी संपते तिथं कस्तुराबाईंची खानावळ. पुढं पत्र्याचं छप्पर, मागं त्यांचंच रान. रानात निघेल तेच ताटात यायचं. वांगी नसली तर मागायची नाहीत, अंबाडीच्या दिवसांत अंबाडीला नाक मुरडायचं नाही. घरी मिजास करणारे प्राध्यापकसुद्धा इथं मुकाट्यानं जेवत. मनीषा दर रविवारी यायची ती मात्र एकाच कारणासाठी. वडील इथं पोटभर जेवायचे. घरी तिनं ताट पुढं ठेवावं, शेजारी उभं राहून विनवावं, कधी ओरडावं. ते हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखे बसायचे, दोन घास खाऊन 'झालं' म्हणायचे. डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलं होतं. तेवढं ते न चुकता घ्यायचे. सदरे सैल होत चालले होते.

आज अंगणात बाकडी एकावर एक रचून ठेवलेली दिसली. आत तीनच टेबलं होती. कस्तुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि त्यांचा मुलगा महारुद्र वाढत होता.

"हे काय काढलंय मावशी? रंग द्यायचाय का?"

"न्हाई ताई. येत्या अमुशाला वाढवायलोत आता."

मनीषाचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कुणीतरी चांगली बातमी दिली होती.

"बरं झालं! मग आता डबे पण चालू करा. आमचा दोन्ही वेळचा लावा. नाहीतर असं करू, मी कामावर जाताना बाबांना इथंच सोडते, येताना घेऊन जाते. बसतील बिचारे कोपऱ्यात."

ती बोलतच सुटली. माणूस दमला की कानाला हवं तेच ऐकू येतं. कस्तुराबाईंचा हात परातीतच थांबला होता.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुकान वाढवतेत ना रोज रात्री, तसं वाढवायलोत."

मनीषाची आजीही दिवा विझव म्हणत नसे, वाढव म्हणायची. संपलं, बंद झालं असं तोंडातून काढू नये, म्हणून आपल्याकडं जे जे संपतं ते ते वाढतं. हे तिला काय ठाऊक नव्हतं? लहान पोरालाही कळलं असतं.

"माज्यानं बसवंना आता चुलीपुढं," कस्तुराबाई म्हणाल्या. "गुडघे ऐकत न्हाईत. महारुद्र पुण्याला निघालाय, रान दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं. बाजारातून आणून वाढायचं मनलं, तर मग तिला आपली खानावळ कशाला मनायचं?"

महारुद्रनं दोन ताटं आणून ठेवली. भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा, कांदा. मनीषा ताटाकडं नुसती बघत राहिली. पुढच्या रविवारचं काय, त्याच्या पुढच्याचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली, तर पंडितरावांचे हात मांडीवर होते. ताट तसंच.

"आता इथंही नाही का, बाबा?" तिचा आवाज फाटला. "मग जेवणार कुठं तुम्ही? सांगा ना, कुठं जेवणार?"

शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. पाहू देत, असं तिला वाटलं. तिला सगळ्याचा वीट आला होता.

कस्तुराबाई पदराला हात पुसत, गुडघ्यावर जोर देत आल्या आणि पंडितरावांच्या समोर बसल्या. मानवत-सेलू मुक्कामाच्या एसटीवर यांची अख्खी नोकरी झाली, हे त्यांना ठाऊक होतं.

"कंडक्टरसायेब, घरी कामून जेवत न्हाई तुमी?"

मनीषा आजाराचं नाव सांगायला निघाली होती. पण प्रश्न तिला नव्हता. आणि हा प्रश्न खुद्द त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता, डॉक्टरांनी नाही की तिनं नाही.

पंडितरावांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली घेतला.

"मुक्कामाला असतो ना मी, तिथं एक बाई हाय. लय मायाळू. समदं करती माजं. पर जेवत न्हाई ती. मला ताट देती अन् उभी ऱ्हाती. बसून खाताना कदी बगितलीच न्हाई." त्यांनी मान हलवली. "तिच्याच घरात तिच्याआदी कसं जेवावं? मी आपला दोन घास खातो अन् ऱ्हाऊ देतो. तिला उरावं."

मनीषा रात्री ते झोपल्यावर ओट्यापाशी उभी राहून जेवायची. त्यांच्या ताटातलं उरलेलं, गारढोण. इथं तिला कुणीतरी वाढायचं, म्हणून तेवढी ती बसायची.

कस्तुराबाईंनी मनीषाचं ताट बोटभर तिच्याकडं सरकवलं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. घास उतरेना. पंडितराव तिच्याकडं बघत होते. तिनं कसाबसा गिळला, तेव्हा त्यांनी आपली भाकरी मोडली.

"सावकाश होऊ द्या, बाई," ते म्हणाले. "गाडीला वेळ हाय."