माझा अर्धा 'न'

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडी आहे आणि अक्षरं उलटी आहेत. अंगावर उलटं लिहिलेलं असलं तरी कागदावर सरळ बोलायचं, एवढंच शिक्क्याच्या जातीला काम असतं. मस्कतच्या दक्षिणेला अल अमेरातमध्ये एका दुकानाच्या काउंटरवर मी ते बावीस वर्षं केलं. त्यातली अठरा वर्षं बरी गेली. उरलेल्या चारांबद्दल मित्रांनो, तुम्हाला सांगायला हवं. माझ्या वतीने दुसरं कोणी सांगेल असं दिसत नाही.

माझा जन्म रत्नागिरीत झाला, कचेरीसमोरच्या फूटपाथवर, एका मोठ्या काळ्या छत्रीखाली. माझे मालक जमालशेठ तेव्हा मस्कतहून सुट्टीवर आले होते. मस्कतला परत जाऊन गावच्या वस्तूंचं दुकान टाकायचं त्यांच्या मनात होतं. शिक्केवाल्याला ते म्हणाले, "असं लिव्हा. हा माल न्हावाशेवा बंदरातून, जहाजाने, समुद्रमार्गे येतो. वीस-पंचवीस दिवस लागतात. घाई असेल त्याने मागवू नये."

शिक्केवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "शेठ, शिक्का पायजे का पोथी? लाकूड चार बोटांचं हाय."

बरीच काटछाट झाली. शेवटी चार बोटांत एकच शब्द बसला. 'न्हावामार्गे'.

"कोकणातल्या माणसाला कळतं," शिक्केवाला म्हणाला आणि ते खरं होतं. न्हाव्याहून जहाज सुटतं, हे किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. जमालशेठनी मला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विमानाने मस्कतला आणलं. त्या दुकानात विमानाने आलेली मी एकमेव वस्तू. हे पुढे उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, आणि पडलंही नाही.

ते दिवस चांगले होते. गिऱ्हाईक यायचं, कोकम, नाचणी, वसईची सुकेळी, सुके बोंबील असं काहीबाही मागवायचं. जमालशेठ पावती लिहायचे आणि खाली मला दाबायचे. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणायचं, "न्हावा म्हणजे महिना धरूया." कोणी ईदचं सामान रमजान लागायच्या आधी मागवायचे, कोणी नाताळचं नोव्हेंबरच्या सुरुवातीला. उशीर झाला म्हणून कोणी भांडलेलं मला आठवत नाही. उशीर पावतीवरच छापलेला असायचा, आणि लोक त्याला धरून आपापली तयारी करायचे. जमालशेठ मला हातात घेऊन सांगायचे, "हा शिक्का म्हणजे माझी जबान." अशी स्तुती रबराला सहसा मिळत नाही.

मग एका जुलैमध्ये ते मला गाडीच्या डॅशबोर्डवर विसरून सोहार औद्योगिक वसाहतीत माल द्यायला गेले. ओमानमधला जुलै, दुपार, काचा बंद. माझ्या उजव्या कोपऱ्याचं रबर सुटलं आणि कुठेतरी पडलं. आमच्यात उजवीकडचं ते कागदावर डावीकडे येतं. त्या कोपऱ्यात माझा अर्धा 'न' होता.

'हावामार्गे' उरलं.

जमालशेठ छाप बघून हसले. "खलास. बुड्ढ्याचा दात पडला." नवीन शिक्का करायचा तर रत्नागिरीला जायला हवं होतं. जुन्या गिऱ्हाइकांना माझा मजकूर पाठ होता. कोणी वाचतच नव्हतं, त्यामुळे काही बिघडलं नाही.

चार वर्षांपूर्वी शेठच्या मुलीने, अल्फियाने, दुकान ऑनलाइन केलं. पोरगी हुशार, मस्कतच्या कॉलेजात शिकलेली. शाळा तिची इथलीच इंडियन स्कूल, त्यामुळे मराठी घरातल्या बोलण्यापुरती, वाचायची म्हणजे एकेक अक्षर हात धरून पलीकडे न्यायचं. वेबसाइटवर वस्तूंचे फोटो झाले, वजन झालं, बरणीचं तोंड किती इंची आहे तेही झालं. राहिली एक रिकामी चौकट, पाठवण्याची पद्धत. तिने जुनी पावती घेतली आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"अब्बा, हे हवामार्गे ना? एक काना एक्स्ट्रा आहे. मिस्टेक."

जमालशेठ कोकमाची पिशवी बांधत होते. त्यांचे हात थांबले. मी काउंटरवरून त्यांच्याकडे बघत होतो. एक अक्षर सांगायचं होतं, तेही अर्धं.

"हां," ते म्हणाले. "तसाच समज."

अल्फियाने मराठी छापाचा फोटो टाकला आणि त्याखाली इंग्रजीत 'बाय एअर' लिहिलं. पानाच्या अगदी तळाशी, राखाडी रंगात, मुंगीएवढं. पण लोकांनी ते वाचलं. मस्कतमधल्या बौशरपासून सोहारपर्यंत ऑर्डरी सुरू झाल्या. गावची वस्तू, आणि तीसुद्धा विमानाने! सामान मात्र यायचं पूर्वीसारखंच, न्हाव्याहून जहाजात, सोहार बंदरात, तिथून ट्रकने. कोणी फोन केला की जमालशेठ म्हणायचे, "इन्शाल्ला, दहा-पंधरा दिवस." सोहारच्या कारखान्यातला सकलैन एकदा दुकानातच येऊन म्हणाला, "जमालभाई, तुमचं विमान पोहत येतं काय?"

"वर पण ट्रॅफिक असतो रे," शेठ म्हणाले. सगळे हसले. मीही पुढच्या पावतीवर उमटलो.

शेठच्या बायकोने, रुबिनाबीने, दोनदा सांगून पाहिलं, "अवं, साधं लिव्हा ना, जहाजाने येतंय म्हणून."

"जहाज लिव्हलं तर कोण मागवील?"

"आधी मागवीत नव्हती काय?"

शेठनी तिला पंखा जोरात लावायला सांगितलं.

या वर्षी एप्रिलमध्ये बौशरच्या इलेन यांनी एक वस्तू मागवली. इलेन मूळच्या वसईच्या. मुलगी इव्हॉन नऊ वर्षांची, मे महिन्यात एका शुक्रवारी चर्चमध्ये तिचा पहिला कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी होता. त्या विधीत प्रत्येक मुलाच्या हातात मेणबत्ती असते. इलेनचे वडील बेसिल हे वसईतले मेणबत्तीवाले. इलेनच्या कम्युनियनची मेणबत्ती त्यांनीच ओतली होती. आता ते ब्याऐंशी वर्षांचे होते, हात कापायचे. नातीची ही एक करतो आणि थांबतो, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आमच्या साइटवर 'तुमच्या गावातून आणून देऊ' अशी सोय होती. आमचा माणूस बेसिलबाबांच्या घरून मेणबत्ती उचलणार होता.

इलेनने खात्री करायला फोन केला. अल्फियाने स्पीकर लावला होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"एअरनेच येणार ना गं? पप्पा सारखं विचारतात, कशाने जाणार, कशाने जाणार. माझी मैत्रीण मंगला याच आठवड्यात मुंबईहून येतेय, ती हातात आणायला तयार आहे. पण उगाच कशाला तिला ओझं?"

"येस आंटी. वेबसाइटवर लिहिलंय. बाय एअर."

जमालशेठ दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी ऐकलं. मंगलाचं नावही ऐकलं. ते उठून मागे गेले आणि रिकामी खोकी मोजत बसले.

मेणबत्ती पंचविसाव्या दिवशी आली, शुक्रवारच्या दोन दिवस आधी. वेळेत म्हणायची. तिच्या खोक्यावर पोचपावती चिकटवली होती आणि पोचपावतीवर मी होतो.

शनिवारी सकाळी इलेन दुकानात आल्या. हातात बुटांचं खोकं. त्यांनी झाकण काढून ते काउंटरवर ठेवलं, माझ्या अगदी शेजारी. मेणबत्ती दीड वीत लांब असावी. सोहारच्या बंदरात उन्हात उभ्या राहिलेल्या लोखंडी कंटेनरमध्ये ती मधून वाकली होती. वर मेणाची पांढरी फुलं होती, ती घसरून एका बाजूला जमली होती.

"अरे अरे," जमालशेठ म्हणाले. "ताई, दुसरी आणून देतो. नाहीतर पैसे..."

"पैसे नकोत. दुसरी येणार नाही." इलेनचा आवाज चढला नाही. चढला असता तर शेठना सोपं गेलं असतं. "इव्हॉनने काल हीच धरली. मी चर्चच्या दुकानातली आणली होती, तर म्हणाली, नो, आजोबांचीच. सगळ्या मुलांच्या सरळ, हिची खाली बघतेय. मेण सगळं फादरच्या बुटावर. आम्ही हसलो सुद्धा. मग पप्पांनी व्हिडिओ पाहिला."

"मग?"

"मग काही नाही. एकच धरून बसलेत. घरून निघताना सरळ होती, विमानात वाकायला काय झालं, म्हणजे माझंच मेण चुकलं, हात गेला म्हणतात. आज सकाळी साचे भंगारवाल्याला देऊन टाकले. साठ वर्षांचे साचे, जमालभाई. आता तुम्ही मला एवढंच सांगा, विमानात मेणबत्ती वाकते का?"

शेठ म्हणाले, "कस्टममध्ये कुठे ऊन लागलं असेल."

इलेनने खोक्यावरची पोचपावती काढली. वसईच्या मराठी शाळेत शिकलेली बाई. त्यांनी मला सावकाश वाचलं, चार वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी, जसं होतं तसं.

"यात हवा कुठे आहे? ह-ला काना आहे. हाव. हावामार्गे."

त्यांनी पोचपावती काउंटरवर ठेवली. अल्फिया पुढे आली. "अब्बा, ती मिस्टेक होती ना? एक्स्ट्रा काना?"

जमालशेठनी मला हातात घेतलं. त्यांच्या अंगठ्याला माझा तुटका कोपरा लागला. "पुढे एक न होता," ते म्हणाले. "न्हावा. जहाज. पहिल्यापासून जहाजच आहे बाय."

अल्फिया त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मी आंटीला फोनवर सांगितलं. माझ्या तोंडाने."

इलेनने वडिलांना फोन लावला आणि तो शेठसमोर धरला. "तुम्ही सांगा त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी समजूत काढतेय."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "कोन हाय?"

जमालशेठनी तोंड उघडलं. बावीस वर्षांत या काउंटरवर त्यांना शब्द सापडला नाही असं झालं नव्हतं. "अंकल, मी मस्कतहून... ते आपलं... सलाम," एवढंच झालं. शेवटी अल्फियाने फोन घेतला.

"अंकल, मी दुकानातली अल्फिया. तुमचा मेणबत्ती... तुमची मेणबत्ती विमानातून नाही आली. बोटीतून आली. पंचवीस दिवस. खूप गरम होतं. वेबसाइटवर आम्ही खोटं लिहिलं. तुमची मिस्टेक नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बेसिलबाबा म्हणाले, "बोटीतून?"

"हो."

"मग सांगायचं ना, बाय." आवाजात राग नव्हता. कामाचं बोलत होते. "विमानाने जाणार म्हणून मी मऊ मेण घेतलं, फुलं चांगली निघतात. दर्यातून जाणार म्हटलं असतं तर कडक मेण जास्त घातलं असतं. भुशात पुरली असती. आमच्या वडलांनी एडनला धाडलेल्या हायेत, एक वाकली नाय."

"सॉरी, अंकल."

"पुढच्या वेळेला कडक घालू," ते म्हणाले.

इलेनने तोंड फिरवलं. पुढच्या वेळेला साचे नव्हते, हे इथे सगळ्यांना माहीत होतं, आणि बहुधा तिथे त्यांनाही. जमालशेठ काउंटरला धरून उभे होते. त्यांनी बुटांच्या खोक्याचं झाकण उचललं, नीट बसवलं, आणि खोकं दोन्ही हातांनी इलेनना दिलं.

त्याच दुपारी अल्फियाने साइटवरची ओळ बदलली. आता ती सर्वांत वर आहे, काळ्या ठळक अक्षरांत, मराठीत. वेलांट्या रुबिनाबींनी तपासल्या. 'जहाजाने. पंचवीस दिवस. उन्हात बिघडेल अशी वस्तू असेल तर आधी विचारा.' ऑर्डरी कमी झाल्या आहेत. बंद झालेल्या नाहीत. जुनी गिऱ्हाइकं पुन्हा महिना धरू लागली आहेत.

मला खणात टाकलं आहे, रबरबँडच्या गुंड्यांजवळ. तक्रार नाही. तुटलेल्या शिक्क्याला ठेवायची तीच जागा असते, फक्त ती मला चार वर्षं उशिरा मिळाली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या दुकान टाकेल, कोणी नुसतंच मागवेल. टाकलंत तर माल कशाने येणार ते मोठ्या अक्षरांत लिहा. मागवणाऱ्याला लांबच्या वाटेची भीती नसते. त्याला वाट कळली की तो तसं मेण घेतो, तसा भुसा भरतो. आणि हाताखाली जुना शिक्का असेल तर मधूनमधून तो कोऱ्या कागदावर उमटवा आणि मोठ्याने वाचा. अक्षर पडलं असेल तर ते शिक्का सांगू शकत नाही. मी त्या एप्रिलमध्ये फोनपासून वीतभर अंतरावर होतो, सगळं ऐकत होतो, आणि कोणीतरी उचलून दाबल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. जमालशेठना येत होतं.