उजव्या कानातला डूल

माझा भाऊ चोर आहे. हे मी चाळीस वर्षं सांगतेय आणि चाळीस वर्षं कुणी ऐकून घेत नाही, कारण तो दिसायला गरीब आणि मी बोलायला फटकळ.

चोरी अशी. मी बारा वर्षांची असताना बाबांनी मला डूल आणले. बारीक दांडी, टोकाला इवलासा गोल मणी, मान हलवली की झुलायचे. आठवड्याच्या आत उजव्या कानातला गायब. खोलीत मी आणि आठ वर्षांचा टिल्ल्या, दोघंच. मी त्याला बुकलून काढलं, आईने मला बुकलून काढलं, पण बेटा बधला नाही. शेवटी नाक पुसत ओरडला, “मरताना सांगेन!” मग तो टिल्ल्या सहा फुटी झाला, दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, डोक्यावरचे केस गेले, आई-बाबाही गेले. तरी दर भेटीला मी विचारणार, “डूल कुठाय?” आणि तो म्हणणार, “मरताना सांगेन.” लोक ‘कशी आहेस’ विचारतात ना, तसं आमचं हे.

गेल्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि मी विचारायचं बंद केलं.

मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त बघते. अठ्ठावीस वर्षं झाली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग चढवायचा, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. प्रत्येक जातीच्या पेशीला एक बटण. शंभर झाल्या की घंटी वाजते, टिंग. हल्ली मोजायला मोठं मशीन आहे, पण मशीनला शंका आली की ते आमच्याच तोंडाकडे बघतं. तर टिल्ल्याच्या रक्तात काय चाललंय हे मला कुणी गोड शब्दांत सांगू शकत नव्हतं. अर्धवट वाढलेल्या, बिनकामाच्या पेशींची नुसती गर्दी झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच्या पेशी घालायचं सुचवलं. तपासण्या झाल्या आणि माझं त्याच्याशी तंतोतंत जुळलं.

“आयुष्यात पहिल्यांदा,” टिल्ल्या म्हणाला.

आधी औषधांनी त्याच्या हाडांमधला रक्ताचा सगळा कारखाना बंद पाडायचा, मग माझ्या पेशींचं बियाणं त्याच्या शिरेतून आत सोडायचं. ते हाडांत जाऊन रुजलं तर नवं रक्त. नाही रुजलं तर काय, ते मी विचारलं नाही. माझ्या लहानपणाचा आता तो एकच साक्षीदार उरलाय. मला ‘भांडकुदळ’ म्हणायचा हक्क असलेला माणूसही तोच. हे असं सगळं पणाला लागलं होतं आणि मी पाच दिवस इंजेक्शनं घेऊन, हाडं ठणकत, मशीनला जोडून घेऊन एक पिशवी भरून दिली. ती त्याला चढवली तो दिवस शून्य. तिथून पुढे मोजायचं.

त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. अंगात लढायला एकही शिपाई नाही, साधी सर्दीसुद्धा महागात पडली असती. मी बाहेर, तो आत, मध्ये जाड काच आणि दोन्हीकडे एकेक फोन. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जायची.

“ताई, कामावर कोण कोण येणार आहे ते तरी सांग,” तो म्हणाला. “नवी माणसं येणार, ओळख नको?”

मग मी त्याला माझी सगळी मंडळी सांगितली. न्यूट्रोफिल म्हणजे पहिला धावून जाणारा. कुठे जखम झाली, जंतू शिरला, की हा हातातलं काम टाकून पळतो, जंतू गिळतो आणि तिथेच मरतो. आयुष्य जेमतेम एक दिवस. पू म्हणतो ना आपण, ती बहुतेक याचीच प्रेतं.

“अरेरे! आणि आपण शी म्हणतो,” टिल्ल्या हळहळला.

मोनोसाइट जरा उशिरा येतो, पण आला की जंतू, मेलेले न्यूट्रोफिल, कचरा, सगळं खातो आणि खाल्लेल्याचा तुकडा नेऊन वरिष्ठांना दाखवतो, हा बघा, असला चोर शिरलाय. इओसिनोफिल नारिंगी ठिपक्यांचा सदरा घालतो. त्याचं काम पोटातल्या जंतांशी, पण कधी कधी उगाच धुळीवर चिडून आपल्याला शिंका आणतो. आणि लिम्फोसाइट, दिसायला गोल, साधा, पण डोकेबाज. त्यातला टी जातीचा दारोदार तपासणी करतो. आपलीच पेशी आतून बाधलेली असेल तर तिलाही ठेवत नाही. बी जातीचा जंतूला चिकटेल असं प्रथिन बनवून सोडतो. ते चिकटलं की खाणाऱ्यांना लांबून कळतं, कुणाला खायचंय.

“म्हणजे पाटी लावतो! माझाच धंदा की,” तो खूश झाला.

“आणि त्यातल्या काही पेशी मरत नाहीत. एकदा कुणी त्रास दिला की त्याचा चेहरा चाळीस-चाळीस वर्षं लक्षात ठेवतात. पुन्हा दिसला की धरलीच मानगूट.”

काचेतून त्याने माझ्याकडे बघितलं. “ती तूच, ताई.”

दुसऱ्या दिवशी काचेवर आतून कागद चिकटवलेले. अंगात त्राण नाही, तोंडात फोड आलेले, तरी पुसून-बिसून आत दिलेल्या स्केचपेनांनी याने पाट्या रंगवल्या होत्या. न्यूट्रोफिलची: ‘तातडीची सेवा. आम्ही परत जात नाही.’ मोनोसाइटची: ‘येथे काहीही खाल्ले जाईल.’ आणि एक नाक फुगवलेली गोल पेशी: ‘सर्व काही लक्षात आहे.’ कानात एकच डूल, डाव्या कानात. मेल्याने तेवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं. नर्सबाई हसून हसून बेजार झाल्या. मी हसले नाही, म्हणजे तिथे हसले नाही.

पण कामावर येईना कुणी. आमच्या लॅबचा नियम असा की घरच्या माणसाची पट्टी आपण बघायची नाही. नजर मायेला भुलते, नसलेलं दिसतं. नियम चांगलाच आहे, मीच कितीदा दुसऱ्यांना सुनावलाय. त्यामुळे टिल्ल्याच्या पट्ट्या कासवरावांकडे. हे माझे सहकारी, निवृत्तीला आलेले. शंभर मोजायच्या तिथे दोनशे मोजतात, मग चष्मा पुसतात आणि पुन्हा मोजतात. रोज सकाळी मी त्यांच्या मानेमागे उभी, आणि रोज ते मान हलवत, “आज नाही, ताई.” दहावा दिवस, बारावा, चौदावा. बाराव्या दिवशी त्याला ताप चढला. औषधांनी उतरला खरा, पण ते दोन दिवस मी कशी जगले ते माझं मलाच माहीत.

सोळाव्या दिवशी कासवराव म्हणाले, “अकरा न्यूट्रोफिल.” मी त्यांच्या टेबलावरचा चहा सांडला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आनंदाला लगेच लगाम घातला. त्या सरळ बोलणाऱ्या. काचेपाशी येऊन, फोन हातात घेऊन, दोघांनाही ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, “पेशी यायला लागल्यात, पण कुणाच्या ते माहीत नाही. ताईंच्या असतील तर जिंकलो. पण कधी कधी पेशंटचीच जुनी मुळं पुन्हा फुटतात. तसं असेल तर त्यांच्यामागून आजारही येईल. खास तपासणी पाठवलीय, आठवडा लागेल.”

त्या गेल्या. मग टिल्ल्याने फोन उचलला, आणि आवाज असा, जसा मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

“ताई, तो डूल आहे ना…”

“खबरदार!”

“अगं, ऐक तरी. मी तो…”

“एक अक्षर बोललास तर याद राख!” मी फोन आपटला. जिन्यात जाऊन रडले. मग लिफ्टवाल्याला, पाण्याच्या यंत्राला आणि कासवरावांना, तिघांनाही कारण नसताना झापलं. कासवराव म्हणाले, “बरं.”

पुढचे दोन दिवस मी काचेपाशी जायची, पण फोनला हात लावायची नाही. हाताची घडी घालून नुसती उभी. टिल्ल्याने कागदावर लिहून दाखवलं: ‘सांगू दे.’ मी मान हलवली. त्याने कागद उलटा केला, मागे लिहिलेलं: ‘भांडकुदळ.’ मी तरीही मान हलवली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी कासवराव नेहमीपेक्षाही उशीर लावत होते. टिंग वाजली. पुन्हा टिंग. तिसऱ्यांदा टिंग. मला वाटलं, या माणसाला आता हात जोडावेत की गळा धरावा. मग ते खुर्चीतून उठले.

“ताई, बसा इथे. मोजू नका. नियम आहे. नुसतं बघा.”

मी बसले. निळसर-जांभळा न्यूट्रोफिल, आतलं केंद्रक तीन गाठींचं, नेहमीसारखं. आणि एका गाठीला लागून, बाहेर झुकलेली एक बारीक दांडी. टोकाला इवलासा गोल मणी.

पुस्तकात याला ढोलाची काठी म्हणतात. बाईच्या काही न्यूट्रोफिलमध्ये असतो हा मणी, शंभरात दोन-तीन. पुरुषाच्या नसतो.

“एखादा दिसला तर फसगत होते,” कासवराव चष्मा पुसत म्हणाले. “म्हणून चार पट्ट्या केल्या. तीनशे पेशींत सहा सापडले, मग तुम्हाला हाक मारली. अहवाल येईल तेव्हा येईल. पण हे तुमचं आहे, ताई.”

मी त्या माणसाला मिठी मारली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते घाईघाईने कुठेतरी निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीची वाट कोण बघतंय? मी तशीच, अंगातल्या पांढऱ्या कोटासकट, जिन्याने वर. काचेवर टकटक केलं आणि फोन उचलला.

“टिल्ल्या, चोरा, माझा डूल सापडला.”

“कुठे?” तो दचकून उठून बसला. “शक्यच नाही!”

“तुझ्या रक्तात.”

मग त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत होता, फोन कानाशी, दुसरा हात त्या टकलावर.

“म्हणजे यापुढे मी डूल घालून हिंडणार?” तो म्हणाला.

“सहा फुटी, टकला आणि डूलवाला. गावभर सांगणार आहे मी.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. पुसले पण नाहीत त्याने.

“ताई, आता सापडलाच आहे, तर सांगून टाकू?”

“अजिबात नाही. ठरलंय ते ठरलंय. मरताना सांगायचं.”

“बरं.”

“आणि मी मोठी आहे. आधी माझा नंबर.”

तो काचेच्या अगदी जवळ आला. “मग तुला कळणार कसं?”

“नकोच कळायला,” मी म्हणाले.