यशोदाबाई मांडे केंद्राचे पैसे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून त्याआधीचे आठ दिवस माझ्या मांडे भाजायच्या खापराला उसंत नसते. धुळ्यात चाळीस वर्षं मी पुरणाचे मांडे करून विकते आहे. पूर्वी बाया पैसे हातावर ठेवायच्या आणि मांडा भाजून होईपर्यंत सासरच्या चार गोष्टी सांगून घ्यायच्या. आता टपरीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलाय. गिऱ्हाईक त्यासमोर मोबाईल धरतं आणि शेजारी ठेवलेली डबी बोलते, "दोनशे रुपये प्राप्त झाले."

कागद आणि डबी माझ्या मुलाने, भूषणने, दिवाळीत आणली. कागदावर ठळक अक्षरांत 'यशोदाबाई मांडे केंद्र' छापलेलं. नाव माझं, तर पैसेही माझ्याच खात्यात पडत असतील, असं मी धरून चालले. डबी बोलली की वाटायचं, दिपमालाच्या पिको मशीनसाठी अजून थोडे जमले.

दिपमाला माझी लेक. चोपड्याला दिलीय. काल ती माहेरी आली. आज बँक उघडताच मी वीस हजार काढायला गेले.

"आजी, यात चौदाशेच आहेत," खिडकीतली मुलगी म्हणाली. "गॅसच्या सबसिडीचे."

"आणि मांड्यांचे?"

"टपरीवरचा कागद कुणी काढून दिला? ज्याने काढला, त्याचंच खातं जोडलेलं असेल."

भर उन्हात चालत टपरीवर आले. पुरण तयार होतं, कणीक भिजलेली होती. चूल पेटवली नाही. गिऱ्हाईकं जमली, तरी बसून राहिले.

अकराच्या सुमारास भूषण स्वतःच आला. "आई, आज धंदा बंद का? मोबाईलवर एकही मेसेज नाही!"

म्हणजे रोज माझ्या मांड्यांच्या पैशांची वाट तो तिकडे बसून बघत होता.

"मना पैसा कोठे शेतस?" रागात माझ्या तोंडी अहिराणीच येते.

"घरातच आहेत ना. गाडीचा हप्ता जातो त्यातून. तुला कशाला पाहिजेत? खायला-प्यायला कमी आहे का?"

त्याचे वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ह्याच खापरावर त्याची शाळा झाली, आयटीआय झालं. तेव्हा एकदाही मी त्याला विचारलं नाही की तुला कशाला पाहिजे.

मी कणकेचा गोळा उचलून त्याच्या हातात कोंबला. "खातं तुनं शे ना? मग मांडाबी तूच कर."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत!"

रांगेतली बेबाबाई म्हणाली, "कर रे भाऊ, ताण चांगला. हप्त्यासारखा लांबव!" सगळी रांग हसली. भूषणच्या बोटांतून कणीक खाली लोंबायला लागली.

"लेकी घरी येऊन बसल्या आणि आमच्या ताटात मांडे नाहीत," बेबाबाईने आवाज चढवला. "दे ना तिचे पैसे!"

"आत्ता पाठवतो. आई, तुझ्या खात्यावर टाकतो."

"खात्यावर नको. वीस हजार काढून आण."

"माझ्या कार्डावर दिवसाला दहाच निघतात."

"ते तू बघ."

त्याने हात पुसले आणि गॅरेजवाल्या नासीरला फोन लावला. दहा हजार नासीरच्या खात्यावर पाठवले, म्हणजे ते त्याच्या कार्डाने निघतील. मग दोघं मोटारसायकलवर एटीएम शोधत फिरले. पहिल्यात पैसे नव्हते, दुसरं बंद होतं. तिसऱ्यातून पैसे घेऊन आले तेव्हा एक वाजला होता. रांग हलली नाही, मीही हलले नाही.

नोटा मोजून घेतल्या आणि दिपमालाला बोलावून सगळ्यांसमोर तिच्याकडे दिल्या. कागद फाडून चुलीत घातला, त्यावर काड्या रचल्या आणि सांगितलं, आज रोख असेल त्यालाच मांडे.

चूल पेटवली. पहिला मांडा खापरावर टाकताना मधोमध फाटला. तो उचलला आणि भूषणला वाढला.