परतीची वायर

आप्पासाहेबांना सौद्यात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं देवगाव रंगारीत कुणीही सांगितलं असतं; आणि कुणी सांगितलं नाही तर ते स्वतःच सांगत. बैलाचे दात असोत, बियाण्याची पिशवी असो की पोरीचं स्थळ, उलटंपालटं करून बघितल्याशिवाय त्यांनी कधी मान डोलावली नाही. त्यामुळे सून दीपमाला जीपच्या बॅटरीची केबल आणायला शहरात निघाली, तेव्हा धोतर बदलून तेही तिच्याबरोबर निघाले.

जीप जुनी होती, पण तिच्यावर गावातल्या मुलींचं कॉलेज चालत होतं. दीपमाला रोज सकाळी त्यांना संभाजीनगरला सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. आप्पासाहेबांची नात तनुजाही त्यांच्यातच होती. दीपमालाचा नवरा शिवराज वाळूजच्या कंपनीत पाळ्या करायचा, म्हणून गाडी तिच्या हाती आली आणि तिच्याच हाती राहिली. थंडी पडली तशी जीप सकाळी सेल्फ घेईना. बॅटरी नवी होती, पण जुन्या केबली गंजून हिरव्या पडल्या होत्या.

वाहेदभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आप्पासाहेबांनी आपलं कसब दाखवलं. पहिली केबल अंगठ्याएवढी जाड होती. त्यांनी ती कापायला लावली. सगळा जाडपणा रबराचा निघाला, आत तारांचा चिमूटभर झुबका. दुसरीच्या तारा त्यांनी ब्लेडनं खरवडल्या. वरची तांबूस लाली गेली आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम डोकावलं. तिसरी मात्र अस्सल होती. बारीक तांब्याच्या तारांचा गच्च पेड, आणि वाकवावी तशी वाकणारी.

"ही द्या," ते म्हणाले.

"चाचा, दोनों एकच मोटाई की लो," वाहेदभाई म्हणाले. "सेल्फ को जितना करंट जाता, उतनाच वापस आता."

"मी बी तेच म्हणते, आप्पा," दीपमाला म्हणाली. "इंजिनाची अर्थची, परतीची वायर पार सडलीय. ती बी अशीच घ्या."

आप्पासाहेब हसले. दुकानदार दोन विकायला बसलाय आणि सून भोळी, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

"अर्थ म्हंजी जमीन. जमिनीला कशाला तांबं? ती सगळं पोटात घेती. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला काय लावलंय? वायरचा एक तुकडा. इतकी वर्षं झाली, कधी कुरकुर केली का तिनं?" मग वाहेदभाईंकडे वळून ते कौतुकानं म्हणाले, "आमची सून बी जमीनच हाय. कितीबी टाका, वर काय येत नाय."

हे वाक्य ते पाहुण्यारावळ्यांत नेहमी म्हणत आणि खरोखर कौतुकानंच म्हणत. दीपमाला रस्त्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर त्यांनी नवी लाल केबल उभं राहून बसवून घेतली. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या अर्थच्या जागी विहिरीच्या मोटारीची उरलेली वायर लावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते अशाच माणसाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप चालू झाली आणि आप्पासाहेबांनी अंगणात उभं राहून मिशीवरून हात फिरवला.

चारदोन दिवसांनी दीपमाला म्हणाली, "आप्पा, एक्सलेटर जड लागतोय." त्यांनी पेडलच्या सांध्यात तेल सोडलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढे एका संध्याकाळी तनुजा म्हणाली, "गाडी सुरू करताना प्लास्टिक जळल्यागत वास येतो." आप्पासाहेबांनी बॉनेट उघडून लाल केबल चाचपली. ती थंडगार होती. जी वस्तू आपण पारखून घेतली तिच्यात खोट नाही, एवढं बघून त्यांनी बॉनेट लावलं. शेजारच्या वायरीला त्यांनी हात लावलाच नाही.

शेजारी काय चाललं होतं? इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. सेल्फ मारला की सगळा करंट इंजिनात शिरतो, आणि त्याला बॅटरीकडे परतायचं असतं. मोटारीची ती बारीक वायर त्याला पुरेना. मग त्यानं मिळेल ती वाट धरली: एक्सलेटरची केबल, आणि इंजिन बंद करायच्या खटक्याची तार. रोज सकाळी त्या दोन्ही तापत होत्या, आणि त्यांच्या आतलं प्लास्टिक थोडंथोडं वितळून तारेला चिकटत होतं. घरातली माणसं त्या वेळी चहा पीत असत.

त्या सकाळी आप्पासाहेबांना चष्मा करायला शहरात जायचं होतं. ते पुढे दीपमालाशेजारी बसले. मागे मुली, दप्तरं आणि तनुजाचा डबा. खुलताबादला एका मुलीला घ्यायला गाडी थांबली आणि बंद पडली. दीपमालानं पुन्हापुन्हा सेल्फ मारला. वास आला, या वेळी चांगलाच झोंबणारा. आप्पासाहेब म्हणाले, "बघ, केबल चांगली म्हणून सेल्फ घेती तरी. जुनीवर ढकलावी लागली असती."

गाव सुटल्यावर थोडा चढ लागला. दीपमालानं एक्सलेटर दाबला. चढ संपला, पुढे दौलताबादचा घाट खाली उतरत होता, आणि गाडीचा आवाज मात्र चढाचाच राहिला.

"पाय उचललाय, आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. "गाडी ऐकत नाय."

जुन्या डिझेल जीपचं इंजिन चावीनं बंद होत नाही. तिनं खटका ओढला. तो जागचा हलला नाही. आप्पासाहेबांनी दोन्ही हातांनी ओढला, आणि त्याची मूठ त्यांच्या हातात निखळून आली. तिनं क्लच दाबला तसं इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी मोकळी सुटली. आता फक्त ब्रेक होता. पहिल्या वळणाला तो लागला. दुसऱ्या वळणाला त्याचाही वास यायला लागला. मागे एक मुलगी रडायला लागली. तनुजा तिला "काय नाय गं" म्हणत होती.

खाली तो जुना दगडी दरवाजा दिसला, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. त्याच्या अलीकडे किल्ला बघायला आलेल्या शाळेची सहल उतरत होती. निळ्या स्वेटरातली पोरं रस्त्याच्या कडेनं ओळीनं चालली होती.

आप्पासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा काही सुचेना. त्यांनी सुनेकडे बघितलं. तिनं एकदा उजवीकडे बघितलं, तिथे दरी होती. एकदा समोर बघितलं. मग डावीकडे बघितलं. त्या नजरेत खडक होता आणि खडकाच्या अलीकडे आप्पासाहेब होते. तिनं स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

पत्रा खडकाला घासत फाटत गेला आणि शेवटी इंजिन गचका देऊन बंद पडलं. मुली मागच्या दारानं उतरल्या. कुणाचं कपाळ फुटलं होतं, कुणाचा हात मुरगळला होता, पण सगळ्या आपल्या पायांवर होत्या. आप्पासाहेबांचा डावा पाय गुडघ्याखाली पत्र्यात अडकून चिरडला होता. लोकांनी पत्रा वाकवून त्यांना बाहेर काढलं आणि रस्त्याकडेला टेकवून बसवलं. समोर बॉनेट उघडं पडलं होतं. लाल केबल जशीच्या तशी चमकत होती. तिच्याजवळ मोटारीच्या वायरीचं रबर गळून लोंबत होतं, आणि एक्सलेटरची केबल काळी पडून फुगली होती. त्यांनी ते नीट बघितलं. चष्म्याशिवायही दिसत होतं.

दीपमाला मुलींना मोजून आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"डावीकडं मी होतो," ते म्हणाले.

"व्हय. बघूनच वळवली."

त्यांना तिची भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. या गाडीत रोज नात बसत होती.

"बरं केलंस," ते कसेबसे म्हणाले. कळ ओसरेपर्यंत थांबले. "पण तुला ठाऊक होतं ना? मग त्या दिवशी दुकानात भांडली का नायस माझ्याशी?"

तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरचं रक्त पुसलं.

"जमीन कधी भांडती का, आप्पा?"