खिडकीसाठी एक डाव

दाजींना घड्याळातले स्क्रू दिसायचे ते फक्त खिडकीपाशी. दिव्याखाली त्यांच्या डोळ्यांना धारा लागत. दुकानाला खिडकी एकच, आणि चष्मे विकणाऱ्या भागीदार मेहुण्याला तिथे गिऱ्हाइकांसाठी आरसा लावायचा होता. खिडकी गेली की दाजींचं कामच संपलं. शेवटी ताई, एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, करवादली, "बॅकगॅमनचा एक डाव खेळा आणि मिटवा. माझं डोकं खाऊ नका!"

हा फासे-सोंगट्यांचा खेळ मेहुण्याला दाजींनीच शिकवलेला, पण आता वस्ताद मेहुणाच. दाजींनी गुपचूप संगणकावर सराव लावला. चाल चुकली की प्रोग्रॅम लाल पट्टी दाखवी: घोडचूक. सुरुवातीला पडदा इतका लाल झाला, की आग लागली समजून शेजारी बादली घेऊन धावले. बादली माझीच होती, म्हणून सांगतो. दाजींची खोड एकच: समोरची एकटी सोंगटी दिसली की मारायची, आणि त्या नादात आपलीही एकटी, उघडी टाकायची. प्रोग्रॅमने बोलणी खायला घालघालून ती मोडली.

डाव दुकानातच मांडला. दाजींच्या सोंगट्यांनी आपल्या घरातल्या सहाही जागा अडवल्या. एकच एकटी सोंगटी मेहुण्याच्या घराबाहेर उभी होती. ती निसटून आपल्या घरी पोचली की खिडकी पक्की. फासे चांगले पडले. दाजींनी सोंगटी उचलली, उजवीकडे सरकवली आणि हात काढला.

ताईने कपाळाला हात लावला. संगणकावर दाजींचं घर नेहमी उजवीकडे असे. इथे ते डावीकडे होतं. सोंगटी उलटी चालून पुन्हा मेहुण्याच्या घरात शिरली होती. प्रोग्रॅम उलटी चाल करूच देत नाही, मग रागावणार कधी?

"अरे, चुकलं! मागे घेतो."

"थांबा, दाजी. उलटी चाल ठेवायची की नाही, हे समोरच्याने ठरवायचं. तुम्हीच शिकवलंत." मेहुणा गोड हसला. "राहू दे की. छान दिसतेय."

त्याने फासे टाकले. निमूट दूर राहता आलं असतं. पण त्याने दाजींची सोंगटी फटकन मारून पटाबाहेर काढली. "आरसा उद्याच लावतो हं, ताई."

दाजी पटाकडे बघत राहिले. मारणारी सोंगटी आता तिथे एकटीच, उघडी उभी होती. ही चूक त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती.

"मेहुणे," ते हळूच म्हणाले, "याला लाल पट्टी येते."

"कसली पट्टी?"

बाहेरची सोंगटी नेमकी त्याच जागी परत उतरवायला तीन हवे होते. नेमके तीन. फासे गडगडले, एक लगेच थांबला, दुसरा पटाच्या काठावर इतका वेळ गिरकत राहिला, की दुकानातली सगळी घड्याळं श्वास रोखून थांबली. मग तो बसला. तीन.

मार खाल्लेली सोंगटी परत आली ती मेहुण्याच्या सोंगटीला उडवूनच. त्या उडालेल्या सोंगटीला परत यायला दाजींच्या घरातून वाट हवी, आणि तिथे सहाही दारं बंद. मेहुणा नुसता फासे हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी दाजी उन्हात स्क्रू फिरवत होते. मेहुणा मागून घुटमळला.

"दाजी, ते संगणकाचं मलाही शिकवाल?"

"शिकवेन की," दाजी मान वर न करता म्हणाले. "पण उजेडातून बाजूला व्हा आधी."