बसलेला आवाज

तलावावर त्याला सगळे भोंगासर म्हणत. तोंडावर सर, पाठीमागे भोंगा, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पोहायला शिकवणाऱ्याचा आवाज पाण्यात बुडालेल्या कानांपर्यंत पोचायला हवा. त्याचा तर बाहेर गाड्या लावतात तिथपर्यंत पोचायचा. "गुडघे नको, पाय मार, पाय!" असं वर्षानुवर्षं ओरडून झाल्यावर तो आवाज आधी घोगरा झाला, मग वाक्याच्या मधेच गुल व्हायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. दोन आठवडे तोंड पूर्ण बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो. ऐकलंत तर सुटाल, नाहीतर ऑपरेशन."

"बरं" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. बाईंनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं.

घरी जाताना त्यानं मोबाइल काढला. बायको, मुलगी आणि तो असा तिघांचा एक ग्रुप होता. सगळं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. असली गोष्ट समोरासमोर सांगावी. तलावावर पोरांच्या वेळा लिहायचा छोटा पांढरा फळा त्यानं काखेत मारून आणलाच होता.

बायको विमा कंपनीचं काम घरून करायची. कानांवर हेडफोन, समोर दोन पडदे. दारात नवरा दिसताच तिनं न वळता पंजा वर केला, म्हणजे एक मिनिट थांबा. मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यानं फळा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि हातपाय धुतले. टॉवेलला हात पुसतोय तोच मोबाइल थरथरला. शेजारच्या खोलीतून बायकोनं लिहिलं होतं, "आलात? दूध आणलंत का?"

"आणलं," त्यानं लिहिलं.

सांगायची वेळ तेवढ्यात निसटली. रात्री सांगू, असं मनाशी म्हणाला. रात्री जेवताना बायकोचा मोबाइल पाण्याच्या जगला टेकून उभा होता आणि त्यावर कुणीतरी कपाट आवरून दाखवत होतं. मुलगी डाव्या हाताच्या अंगठ्यानं पडदा सरकवत उजव्या हातानं जेवत होती. "बाबा, मीठ," ती म्हणाली. त्यानं मीठ सरकवलं. बायको पडद्याकडे बघत म्हणाली, "आपलंही कपाट एकदा काढायला हवं, नाही का?" त्यानं मान हलवली. ती तिला दिसली की नाही कोण जाणे; पण तिचं समाधान झालेलं दिसलं. मग त्यानंही आपला मोबाइल काढला. बातम्या होत्या, कुणाच्या तरी सहलीचे फोटो होते. जेवण कधी संपलं ते कळलं नाही.

त्यांची परीक्षा घ्यावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. नुसतंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं, तिसऱ्या दिवशीही. तलावावर मात्र पहिल्याच सकाळी पोरांनी त्याला घेरलं होतं. "सर, ओरडा ना! सर, रागावलात का?" त्यानं फळ्यावर लिहिलं, घसा दुखतो. एका चिमुरडीनं ते अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं आणि सगळे एकदम गप्प झाले. काठावरच्या बाकांवर आईबाप ओळीनं बसले होते, माना खाली घालून. शिकवणी मुक्यानं चाललीय हे त्यांच्यातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही.

घर सुरळीत चालू होतं. "येताना ब्रेड." "गीझर बंद केलात?" "मला उशीर होईल." सगळं लेखी. मोठ्यानं बोलणं व्हायचं ते मुलीच्या टेबलावरच्या बोलक्या स्पीकरच्या डबीशी. ती उद्याचं हवामान विचारायची आणि डबी अदबीनं उत्तर द्यायची. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला, पण आत काही हललंच नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं काहीतरी झालं होतं.

आठवडा उलटून गेला. एका संध्याकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा बायको डाव्या हातानं पातेलं उतरवत होती आणि तिला ते पेलत नव्हतं. त्यानं पुढे होऊन पातेलं घेतलं. तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता, कडेनं मळलेला. आजचा नक्कीच नव्हता.

तो बाहेर जाऊन चपलांच्या कपाटावरचा फळा घेऊन आला. लिहिलं, हाताला काय झालं?

"हे काय, फळा कशाला?" ती म्हणाली. मग वाचलं. "अहो, बाथरूममध्ये पडले नव्हते का मी! एक्स-रे टाकला होता की तुम्हाला. तुम्ही अंगठा दिलात."

त्यानं मोबाइल उघडून ग्रुप मागे मागे सरकवला. दूध, ब्रेड, गीझर, गॅसवाला. आणि त्यांच्या मागे, डॉक्टरकडे जायच्याही आधीच्या एका दुपारी, एक्स-रे. हाडाला बारीक चीर. खाली मुलीचा रडका चेहरा आणि त्याचा अंगठा. तलावाच्या काठावरून दिला असणार. आठवत काहीच नव्हतं.

"पण तुम्ही लिहिताय का? बोला की."

बंदी आहे, त्यानं लिहिलं. गाठी आल्यात. दुसरा आठवडा चालू आहे.

बायकोनं ते दोनदा वाचलं आणि स्टुलावर बसली. "दुसरा आठवडा?" बराच वेळ ती पट्ट्याची कड नखानं खरवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला तर वाटलं, काल आपण बोललो."

त्यालाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

त्या रात्री तिनं तिघांचे मोबाइल उचलून आतल्या खोलीत ठेवले. मुलगी म्हणाली, "कुणाचं काही झालंय का?" तिला सांगितलं. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. त्यानं हातानंच असू दे म्हटलं. मग तिघं जेवले. चमच्यांचा आवाज येत होता. मुलीची नजर आतल्या खोलीकडे जायची आणि परत यायची. त्याचीही जात होती. दुसऱ्या दिवशी बायकोला कामाचा निरोप यायचा होता म्हणून तिचा मोबाइल टेबलावर आला, आणि मग बाकीचेही आले.

दोन आठवडे संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. "ऑपरेशन टळलं. आता हळू बोला. ओरडायचं मात्र कायमचं बंद, शिट्टी वापरा."

तो घरी आला. त्यानं चहाचं आधण ठेवलं. बायको हेडफोन गळ्यात उतरवून ओट्याशी आली.

"काय म्हणाल्या?"

"बोलायला हरकत नाही."

"बसलाच आहे आवाज."

"हो. राहील थोडा असाच. मनगट?"

"बरं आहे."

आधण उकळायला लागलं. "बोला ना," ती म्हणाली, आणि खरंच थांबून राहिली, पट्ट्याचा हात दुसऱ्या हातात धरून. तो विचार करू लागला. इतक्या दिवसांचं काहीतरी साठलेलं असायला हवं होतं. आतून तिचा मोबाइल वाजू लागला. ती लगेच हलली नाही. वाजून बंद पडला, पुन्हा वाजला.

"घे, कामाचा असेल," तो म्हणाला.

ती गेली. त्यानं दोन कपांत चहा गाळला, तिच्या कपावर बशी झाकली आणि आपला कप घेऊन तिथेच उभा राहिला.